दादासाहेबांचं सीट

एका जंगलात सगळ्या जनावरांकडे मोटरसायकली होत्या. पेट्रोल कुठून आणायचे, असं विचारू नका, मुलांनो. गोष्टीच्या मध्येच असले प्रश्न विचारणाऱ्या मुलांना मोठेपणी दुसऱ्यांचे हिशेब तपासत बसावं लागतं. तेव्हा कान उघडे ठेवा आणि तोंड मिटा.

त्या जंगलात झिपरोजी नावाचं एक अस्वल होतं. अंगाने थोराड, मनाने अगदी लोणी. त्याची गाडी पळायची झकास, पण सीटच्या चिंध्या झाल्या होत्या. अस्वलांना खाज फार. गाडी चालवताना खाजवायचं आणि खाजवताना नखं कुठे जातात ते बघायचं नाही, असा त्याचा खाक्या. शेवटी आतली स्प्रिंग बाहेर आली. झिपरोजी तिच्यावरच बसायचा आणि खड्डा आला की देवाचं नाव घ्यायचा.

एकट्याचं चाललं असतं हो तसंच. पण मध्ये आली चारोळी.

चारोळी म्हणजे पलीकडच्या उतारावरची अस्वलीण. तिने झिपरोजीला सांगितलं होतं की मोहाची फुलं पडायला लागली की मला गाडीवर बसवून वरच्या टेकडीवर ने, तिथे फुलांचा नुसता सडा असतो. चारोळी शहाणी होती. तिने हेच ढेकळ्या नावाच्या दुसऱ्या अस्वलालाही सांगून ठेवलं होतं. जो नेईल त्याच्याबरोबर फुलं खाईन, आणि पुढच्या संसाराचंही तिथेच बघू, असं तिचं सरळ म्हणणं.

ढेकळ्याच्या गाडीला सीटच नव्हतं. त्याने पत्र्यावर गोणपाट बांधलं होतं. झिपरोजीने ते पाहिलं आणि त्याला फार हायसं वाटलं. गोणपाटाला हरवायचं तर सीट असं पाहिजे की चारोळीने बघत राहावं, असं त्याच्या डोक्यात बसलं. तिथेच घात झाला, पण ते पुढे.

झिपरोजी गेला टोचेबुवांकडे.

टोचेबुवा म्हणजे साळिंदर. बिळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं आणि त्यावर पाटी होती: ‘हातशिलाई. घाई असेल तर येऊ नये.’ बुवांकडे यंत्र नव्हतं. पाठीवरचा एक काटा उपटायचा, त्याने भोक पाडायचं, दोरा ओवायचा. काटा बोथट झाला की दुसरा उपटायचा. हाताशी काम जास्त असलं की बुवा मागून टकले दिसायचे. त्याचाही त्यांना अभिमान होता.

बुवांनी आधी झिपरोजीचं जुनं सीट काढलं, हुंगलं आणि खाऊन टाकलं. कारखान्यातलं दिसतंय, चव नाही, असं म्हणत त्यांनी तोंड पुसलं. मग झिपरोजीला ओल्या चिखलात बसवलं, उठवलं आणि दोघेही वाकून तो ठसा बघत राहिले.

“तुम्ही डावीकडे कलता,” बुवा म्हणाले. “लहानपणापासून?”

झिपरोजी लाजला. इतकं आपलं कुणी कधी पाहिलंच नाही, असं त्याला वाटलं.

आता प्रश्न कातड्याचा. कातड्यासाठी कुणाला मारायचं नाही, असा त्या जंगलात रिवाज होता. कातडं सगळ्यांच्याच अंगावर असल्यामुळे तो बिनविरोध मंजूर झाला होता. आपल्या मरणाने जो जाईल त्याचंच घ्यायचं, तेही घरच्यांना विचारून.

आणि नेमके तेव्हाच दादासाहेब रानरेडे वारले होते. वय झालं होतं. सगळा जन्म डबक्यात बसून काढला, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. एक म्हातारा बगळा रोज सकाळी यायचा, त्यांच्या पाठीवर बसून किडे टिपायचा, दुपारी डोक्यावर बसून डुलकी काढायचा आणि संध्याकाळी उडून जायचा. दादासाहेबांनी कधी शेपूटसुद्धा हलवलं नाही. त्यांच्या घरच्यांनीही कधी वर मान करून पाहिलं नाही.

झिपरोजी भेटायला गेला. रानरेडेकाकू कळपात मधोमध बसल्या होत्या. झिपरोजी आधी हवेबद्दल बोलला, मग गवताबद्दल बोलला, मग मान खाली घालून सीटबद्दल बोलला. काकूंनी कानाने डोळे पुसले.

“न्या,” त्या म्हणाल्या. “ह्यांना फिरायची फार हौस होती. डबक्यात राहून गेलं सगळं. फक्त त्यांचा मान राखा.”

झिपरोजी म्हणाला की काकू, डोक्यावर घेऊन नाचेन. मुलांनो, बोलायला काय जातं.

बुवा कामाला लागले. बाभळीच्या सालीच्या पाण्यात कातडं भिजवलं. सावलीत वाळवलं. करंजाचं तेल चोळलं. आत सावरीचा कापूस असा भरला की डावीकडे थोडा जास्त. झिपरोजी रोज येऊन डोकावायचा आणि विचारायचा की झालं का, मोहाला कळ्या धरल्यात. बुवा काटा उपटत म्हणायचे की कळ्यांना सांगा, जरा दम धरा.

शिवणीला नाव ठेवायला जागा नव्हती. चूक झाली ती वेगळीच, आणि ती फक्त कलावंतालाच करता येते. कातड्यावरच्या खुणा झाकायच्या नाहीत, मिरवायच्या, हे बुवांचं तत्त्व होतं. दादासाहेबांच्या कपाळावर एक पांढरा भोवरा होता. तो बुवांनी सीटच्या ऐन पुढच्या टोकाला, मधोमध घेतला. तरुणपणी डबक्यातल्या जागेवरून चुलतभावाशी एकदाच झुंजताना झालेला व्रण मध्यावर आणला. आणि मागच्या टोकाला, गोलाईवर, शेपटीचं मूळ. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, की हे कुणाचं काम आहे, असं बुवा म्हणायचे. बघणाऱ्याला कळलं ते मात्र हे कोण आहेत.

सीट न्यायच्या दिवशी अख्खा कळप आला. काकूंनी भोवरा पाहिला आणि त्या मटकन खालीच बसल्या. सगळे रेडे रांगेने पुढे झाले आणि सीटच्या पाया पडले. सीटला पाय नव्हते, म्हणून ते चाकाच्या पडले. झिपरोजीचेही डोळे भरून आले. मग त्याने डोळे पुसले, हँडल धरलं आणि सीटवर टांग टाकायला पाय उचलला.

कळपाचा श्वास अडकला.

“बसताय?” काकूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

“म्हणजे, सीट आहे ना, काकू.”

“ह्यांच्या तोंडावर?”

झिपरोजीने पाय खाली घेतला. त्याने बुवांकडे पाहिलं. बुवांनी डोकं खाजवून सुचवलं की सीट उलटं करून लावू, म्हणजे तोंड मागे जाईल. मग मागे बसणारी चारोळी तोंडावर बसेल, हे झिपरोजीच्याच लक्षात आलं. आणि स्वतः कशावर बसेल, तेही आलं. गोणपाट टाकून झाकावं का, असं त्याने चाचरत विचारलं. त्यावर काकू म्हणाल्या की एकदा झाकून झालंय हो ह्यांचं तोंड, पुन्हा नको. रेड्यांनी शिंगं जराशी खाली केली.

“सीट उत्तमच झालंय,” बुवा म्हणाले. “बसणं हा तुमचा प्रश्न.”

जुनं सीट असतं तर झिपरोजीने ते परत लावलं असतं. पण ते बुवांच्या पोटात होतं.

मग त्याने उभ्यानेच गाडी चालवायचं ठरवलं. पण गाडीला दोन बाजू, अस्वलाला दोन पाय, आणि मध्ये दादासाहेब. गचका बसला की मांडी लागायची. वडीलधाऱ्यांना पाय लागला की काय करायचं, मुलांनो? नमस्कार करायचा. झिपरोजी चांगल्या घरचा होता. तो दोन्ही हात सोडून नमस्कार करायचा आणि गाडी करवंदीच्या जाळीत जायची. जाळीतून बाहेर काढताना पुन्हा पाय लागायचा. वारंवार असं झाल्यावर त्याने गाडी बंद केली आणि ढकलत निघाला.

कळपही मागोमाग निघाला. दादासाहेब जन्मात पहिल्यांदाच फिरायला चालले होते, त्यांना एकटं कसं सोडायचं? वाटेत काकू थांबायला सांगायच्या आणि सीटला म्हणायच्या की बघा हो, हा ओढा, तुम्हाला नेहमी बघायचा होता. झिपरोजी घामाघूम होऊन थांबायचा. वाऱ्यावर मोहाचा वास यायला लागला होता.

उतारावर चारोळी उभी होती. ढेकळ्याही येऊन टेकला होता, पण तिने त्याला थांबवून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर तिला झिपरोजी जास्त आवडायचा. तिने सीट पाहिलं आणि पाहतच राहिली. टाका न् टाका पाहिला, भोवरा पाहिला, डावीकडचा उंचवटा पाहून तर तिला हसू आलं. मग काकूंनी सगळं सांगितलं, आणि तिनेही सीटला नमस्कार केला.

“फार सुंदर आहे,” ती म्हणाली. “मी कुठे बसू?”

झिपरोजीने सीटकडे पाहिलं. कळपाकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं.

चारोळी थोडा वेळ थांबली. मग तिने सुस्कारा सोडला आणि ती ढेकळ्यामागे गोणपाटावर जाऊन बसली. गाडी धुरळा उडवत टेकडी चढून गेली. झिपरोजी धुरळा खाली बसेपर्यंत तिकडेच बघत राहिला.

तेवढ्यात वरून पंख फडफडले. तो म्हातारा बगळा खाली उतरला, सीटच्या मधोमध बसला, व्रणापाशी चोच मारून सरकत सरकत भोवऱ्यावर गेला आणि एक पाय पोटाशी घेऊन त्याने डोळे मिटले.

कुणाचंही शिंग खाली झालं नाही. एका रेड्याने तर कौतुकाने मान हलवली.

“काकू,” झिपरोजी कसाबसा म्हणाला, “हा बसला की.”

“तो होय?” काकू म्हणाल्या. “तो पहिल्यापासूनच बसतो.”

मग काकूंना आठवलं की ह्यांना डोंगरापलीकडचं तळंही बघायचं होतं. झिपरोजीने गाडी ढकलायला सुरुवात केली. बगळा हलला नाही. सीट फारच मऊ होतं.

तात्पर्य: थोरामोठ्यांचा मान राखावा. पण त्यांच्या डोक्यावर बसायचं असेल, तर ते जिवंत आहेत तोवरच बसून घ्यावं.