वाघाच्या वकिलास दरबारी ओलीस ठेविल्याची हकीकत

श्रीवनदेवता प्रसन्न असो. प्रसन्न नसल्यास निदान नाराज तरी नसो. वाचक स्वामींचे सेवेसी विज्ञापना ऐसी की, अभयवनाचे वर्तमान खरे खरे लिहून पाठवावे म्हणोन आज्ञा जाहली, त्यावरून जे ऐकिले ते लिहिले आणि जे पाहिले ते गाळिले, कारण पाहिल्याचा पुरावा मागतात. शके सतराशे अकरा, सौम्यनाम संवत्सरी एके राज्यात (नाव पुसू नये) श्रीमंतांचे मनात आले की आपले रानात वाघ आहे, तो राखावा. मग यमाजीपंत यांसी वनसुभेदारीची वस्त्रे दिली आणि हुकूम फर्माविला की घाटाखालील रान आजपासून अभयवन, आत कोणी गवत कापू नये, कुरण जाळू नये, गुरे चारू नयेत, काटकीस हात लावू नये, आणि मनुष्य जवळ असता वाघ लाजतो, सबब रानातील कुडाची वाडी उठवून उघड्या माळावर न्यावी. आणि वाघ पाहू इच्छिणाऱ्या थोर पाहुण्यांसाठी ओढ्याकाठी महाल बांधिला, त्यात वाजंत्री व ऊन पाण्याचे हौद केले. रानात मनुष्य नको तर हे कोण, ऐसे एकाने विचारिले. तेव्हा शास्त्रीबोवांनी निर्णय दिला की हे मनुष्य नव्हेत, पाहुणे होत. विचारणारावर नजर ठेविली.

वाडीकर उठावयास टाळाटाळ करू लागले. आधी म्हणाले नाचणी काढू द्या, मग म्हणाले म्हातारी अंथरुणास खिळली आहे, आणि म्हातारी बरी जाहली तेव्हा गाय आजारी पडली. इकडे कुरणाची गोष्ट ऐसी की, पूर्वी शिमगा होताच वाडीकर ते जाळीत, मग पावसात कोवळे गवत येई, गवतास हरणे येत आणि हरणांमागे वाघ येई. तो उद्योग बंद जाहला आणि कुरणात काटेरी झुडूप माजले, मग हरणे उठून वाडीचे नाचणीत शिरली आणि वाघ त्यांचे मागोमाग वाडीचे कुंपणाशी येऊन राहिला. पाहुणे महालात दूरबिणी लावून बसत, त्यांस आचारी तेवढा दिसे. यावरून वाडीकरांनी वाघ फितविला ऐसा दरबारास संशय आला, आणि हेर पाठविला.

तो दिवस वाघबारशीचा. वाडीत चाल ऐसी की, त्या दिवशी वाघोबाचे दगडास शेंदूर लावावा, मग एकाने पट्ट्यांचे घोंगडे पांघरून वाघ व्हावे, बाकीच्यांनी त्यास दटावून वचन घ्यावे आणि हाकलून द्यावे. त्या साली धावजी वाघ जाहला. हेर सागाआड होता, त्याने ऐकिले: "येशील का रे गुरांवर?" "न्हाई येत." "शपथ?" "शपथ." हेर धावत दरबारी आला आणि म्हणाला, वाघाचे व वाडीचे बोलणे पक्के जाहले, बोलणारा इसम माझे ओळखीचा आहे. मग धावजीस घोंगड्यासुद्धा धरून आणिले.

श्रीमंतांनी पुसिले, "तू वाघाचा कोण?"

"म्हाराज, मी वाघ झालो व्हतो."

"म्हणजे त्याचे वतीने बोललास?"

धावजीने पंतांचे हाती कागद पाहिला. तो वाडी उठविण्याचा हुकूम, शिक्का तेवढा व्हावयाचा होता. मग तो म्हणाला, "तसंच म्हना."

तेव्हा त्यास वकिलाची बैठक दिली आणि विडा दिला. विड्याविषयी त्यास शंका आली, म्हणून त्याने तो आधी पंतांस चाखविला. हे पाहून दरबाराची खात्री जाहली की वकील मुरलेला आहे. मग तुमचे धनी रुसले कशाने, ऐसे श्रीमंतांनी विचारिले.

"गवत न्हाई म्हनून हरन न्हाई. मग धन्यानं तिथं बसून काय वाजंत्री ऐकायची?"

"मागणे काय?"

"वाडी हाय तिथं ऱ्हावी. कुरन वाडीनं राखावं, पयल्यावानी. आन् वाजंत्री बंद."

पंत म्हणाले, "हे मागणे वाघाचे की वाडीचे?"

"पंत, त्यालाच इचारा की. चला, वाट दावतो."

पंत वाट पाहावयास राजी न जाहले. मग तह लिहिला, परंतु श्रीमंतांस संशय आला की वाघाची मोहर कोठे आहे. धावजी बोलिला, कुरण मोकळे होऊ द्या, मोहर आपसुक उमटेल. तोवर वकिलास ओलीस ठेविले. वाडीने शिमग्यास कुरण जाळिले, पावसात गवत आले, हरणे आली आणि ओढ्याचे चिखलात ताटाएवढा पंजा उमटला. तो चिखल कापून, सुकवून, रेशमात गुंडाळून दरबारी आणिला आणि तह कायम जाहला. वाडी राहिली, परंतु वकील सोडावा ऐसे तहात कोठे लिहिले नव्हते. वाघ वचनास जागतो तो वकील आमचेजवळ आहे म्हणून, ऐसे पंतांनी श्रीमंतांचे कानी घातले, आणि धावजी दरबारीच राहिला. खाणे उत्तम होते. तो रोज घाटाकडे तोंड करून जेवी.

मग फिरोन वाघबारस आली. वाघ व्हावयास धावजी नाही, सबब त्याची बायको ठकूबाई हिने घोंगडे पांघरिले. हेर त्याच सागाआड होता, आणि तो तेथे आहे हे वाडीतील पोराटोरांसही ठाऊक होते.

"येशील का गं गुरांवर?"

"गुरांवर न्हाई येत."

"मग?"

"माझा मानूस वाड्यात अडकवलाय. दिवाळीला घरी न्हाई आला तर मी जातीय आनायला. वाट मला ठाव हाय."

हेराने कळविले की खुद्द वाघीण राजवाड्यावर चालून येते. मग वेशी लाविल्या, पाहुण्यांस एकाएकी घरची आठवण जाहली, आणि धावजीस शालजोडी देऊन बोळविले. पंत स्वतः पोहोचवावयास निघाले, ते ओढ्यापर्यंत गेले आणि पुढील वाट वकिलास माहीत आहे ऐसे म्हणून माघारी फिरले. ठकूबाईने शालजोडी उलटीपालटी करून पाहिली आणि गाईवर घातली.

येणेप्रमाणे अभयवनाचा बंदोबस्त जाहला. वाडी आहे, कुरण आहे, वाघही असावा. हेर आजही सागाआड असतो, त्यास ठकूबाई भाकरी नेऊन देते, आणि ती भाकरी का देते याचा तपास दरबारात चालू आहे.