सतरा नंबर शेवटी जोर धरतो

खेळाडूकडे बघायचं नाही, असा मामांनी क्लबमध्ये नवा नियम केला होता, आणि तो कोचना सगळ्यात जड जात होता.

नियमाला कारण होतं. मामा फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, आणि आजवर त्यांनी खेळाडू डोळ्यांनी बघून घेतले होते. एक घेतला तो चालण्यात रुबाब होता म्हणून. पळताना तो रुबाब आड येई. दुसरा घेतला तो केस बघून. तिसरा तर खेळाडूच नव्हता, ट्रायलच्या दिवशी नळ दुरुस्त करायला आला होता. पण मामांना त्याची छाती आवडली. क्लब गुणतक्त्याच्या तळाला गेला. त्याच्या खाली फक्त छापखान्याचं नाव होतं.

मग मामांनी भाच्याला नोकरीवर ठेवलं. भाचा डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकून घरी बसला होता आणि त्याच्या आईचा, म्हणजे मामांच्या ताईचा, रोज फोन येत होता.

"आता आकडे खेळाडू निवडतील," मामांनी जाहीर केलं. "आणि तू रविवारपर्यंत गोलकीपर शोधला नाहीस, तर ताईला सांगतो, पोरगा परत घेऊन जा."

"रविवारी कधी?"

"दुपारी. जेवून जा हवं तर."

ट्रायल झाली. आलेल्या प्रत्येकाला नंबर टाकलेली बंडी दिली. बंडीच्या पाठीत छोटा सेन्सर, घामाने बिघडू नये म्हणून वॉटरप्रूफ. मामा ऑफिसचे पडदे ओढून बसले. कोच मैदानाकडे पाठ करून उभे राहिले आणि आवाजाच्या अंदाजाने शिट्टी वाजवत राहिले. खेळ संपल्यावर भाच्याने बंड्यांतले सेन्सर काढले, आणि बंड्या नेहमीप्रमाणे मामींकडे धुवायला गेल्या. क्लबचे सगळे कपडे मामींच्या वॉशिंग मशीनमध्ये धुतले जात. अध्यक्षांच्या बायकोला क्लबमध्ये तेवढंच पद होतं.

शनिवारी भाच्याने लॅपटॉप उघडला आणि तो घेऊन धावत मामांकडे गेला.

"मामा, हा सतरा नंबर बघा."

"बघायचं नाही म्हटलं ना!"

"आकडे बघा. एका जागेवर उभा राहून एवढी हालचाल! डावीकडे वळतो, क्षणभर थांबतो, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. कुठलाही बॉल याच्या हातून सुटणार नाही."

"दमतो कधी?"

"दमत नाही. उलट शेवटच्या दहा मिनिटांत तुफान सुटतो. जागा सोडून पुढे येतो. कोणीतरी ढकलून मागे नेतंय त्याला, पण पठ्ठ्या पडत नाही, तक्रार करत नाही, परत पुढे!"

मामांनी चष्मा पुसला. "हे काय, चाळीस?"

"अंगातली उष्णता. चाळीस डिग्री."

"म्हणजे ताप!" मामा खुर्चीतून उठले. "अंगात एवढा ताप, आणि पोरगं खेळत होतं! आमचा सेंटर फॉरवर्ड शिंक आली तरी बाहेर येऊन बसतो."

"एकच आहे मामा, याची वेळ जुळत नाही. ट्रायल संपल्यानंतरची दिसते."

"अरे, म्हणजे सगळे घरी गेल्यावरही एकटा सराव करत होता! अशी मुलं राहिलीत का आता?" असं म्हणून मामांनी लगेच पलीकडच्या क्लबच्या अध्यक्षांना फोन लावला. त्या दोघांची जुनी दुश्मनी होती, म्हणून ते दिवसातून तीनदा बोलत. मामांनी सतरा नंबरचे सगळे आकडे, ताप धरून, वाचून दाखवले.

भाच्याने मात्र यादीत सतराव्या मुलाचा नंबर शोधून फोन केला. "मी आलोच नव्हतो ओ," मुलगा म्हणाला. "उठायला उशीर झाला."

भाच्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. रविवारचं जेवण त्याला आत्तापासूनच कडू लागायला लागलं.

रविवारी तो मामांकडे जेवायला बसला तेव्हा लॅपटॉप शेजारीच होता. दुसऱ्या घासाला लॅपटॉप वाजला.

"मामा... सतरा नंबर खेळायला लागला."

"आत्ता? रविवारी? भर दुपारी?" मामांचे डोळे भरून आले. "कुठे आहे तो?"

"सिग्नल जवळचा दिसतोय. मामा, फार जवळचा आहे. तो आपल्या घरात आहे."

दोघे ताटावरून उठले. लॅपटॉप पुढे धरून भाचा पॅसेजमधून निघाला, मागे मामा उष्ट्या हाताने. आकडे वाढत होते. घरात कुठूनतरी धडधड ऐकू येत होती. बाथरूमच्या दारात मामी उभ्या होत्या, एक हात चौकटीला, एक पाय वॉशिंग मशीनला लावून. मशीन थडथडत दाराकडे चालत येत होतं आणि मामी त्याला पायाने मागे रेटत होत्या.

"असे काय बघताय दोघं? स्पिनला लागलंय. धरलं नाही तर हॉलमध्ये येतं."

मशीन थांबलं. मामींनी झाकण उघडून सतरा नंबरची बंडी बाहेर काढली. "ही परवा धुतली, पण बाकीच्यांचा वास हिला लागला, म्हणून परत टाकली. आणि ही न घालताच धुवायला का देता रे?"

भाच्याने बंडीच्या पाठीवर बोट फिरवलं. सेन्सर आतच होता, न वापरलेल्या बंडीतला काढायचा राहून गेला होता. "मामा," तो म्हणाला, "मी बॅग भरतो."

तेवढ्यात बेल वाजली. दारात पलीकडच्या क्लबचे अध्यक्ष उभे, घामाघूम.

"सतरा नंबर मला द्या," ते आत येत म्हणाले. "बदल्यात माझे बचावातले दोन बॅक आणि गोलकीपर घ्या. त्याला बघायचं नाहीये मला. आम्हीही बघणं बंद केलंय."

भाच्याने खरं सांगायला तोंड उघडलं, पण मामी मध्ये पडल्या.

"तो माझ्याकडे असतो. जे बोलायचं ते माझ्याशी बोला."

"वहिनी, तुम्ही त्याच्या...?"

"आठ वर्षं सांभाळलंय. त्याला सपाट जागा लागते. एका वेळी फार ओझं टाकायचं नाही. आणि शेवटी शेवटी धरायला माणूस लागतो."

"एवढा आवेश?" पाहुणे भारावले.

"विचारू नका. आणि तो गेल्यावर माझे हाल होणार, तेव्हा दोन बॅक, गोलकीपर आणि एक नवीन वॉशिंग मशीन. पुढून उघडणारं."

"मशीन कशाला?"

"त्याच्याशिवाय या घरात धुणार कोण?"

"कपडेही धुतो?" पाहुणे खुर्चीतच बसले. "किती साधा मुलगा आहे!"

संध्याकाळी टेम्पो आला. सतरा नंबरला चौघांनी उचलून, बंडीसकट चादरीत गुंडाळून आत ठेवलं. पलीकडच्या अध्यक्षांनी नियमाप्रमाणे तोंड फिरवलं होतं.

पुढचे काही दिवस भाचा फोन वाजला की दचकत होता. मामा तर घरी फोनच उचलत नव्हते. पण बुधवारी मामींनी उचलला आणि सरळ स्पीकरवर टाकला.

"अध्यक्षसाहेब," पलीकडून गंभीर आवाज आला, "काल चादर काढावी लागली."

मामांनी डोळे मिटले. भाच्याने बॅगेची चेन लावली.

"थोडा जड आहे. चौकोनीही आहे," आवाज म्हणाला. "आमच्या कोचना शंका आली. मी म्हटलं, बघू नका, मोजा. बंडी आत टाकून मोजलं. आकडे तंतोतंत जुळले! तुम्ही शब्दाला जागलात. काल गोलमध्ये ठेवला, अर्धा गोल त्यानेच अडवला. मी दुसरंच विचारायला फोन केला. याला एखादा भाऊ आहे का हो?"

स्वयंपाकघरात मामांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने बॅगेची चेन उघडली आणि अठरा नंबरची बंडी बाहेर काढली.

मामींनी ती फ्रिजला चढवली, दोन पावलं मागे सरकून निरखून बघितलं आणि फोनकडे वाकून म्हणाल्या, "थोरला आहे. बॅकला खेळेल. जागा सोडत नाही, आणि डोकं कायम थंड."