मावशी, उतरा!

चाकणच्या नाक्यावर हुसेनभाई टायरवाल्याकडे रिकामी गाडी नेऊन हवा भरून मिळत नसे. "मानसं कुठं हायत?" हा त्याचा पहिला प्रश्न. गाडीत रोज बसणारी माणसं, रोजचा माल, सगळं जागच्या जागी असेल तरच तो पंपाला हात लावी. एकदा त्याने बाशिंग बांधलेल्या नवरदेवाला वऱ्हाडासकट गाडीत कोंबून टायर किती दबतो ते वाकून पाहिलं होतं. मुहूर्त टळेल म्हणून वरबाप ओरडत होता. हुसेनभाईचं एकच, "वझं दावा, मग हवा मागा."

मी कांद्याचा आडत्या. पोती वाहायची म्हणून मी माझ्या जुन्या स्टेशनवॅगनला छोट्या लॉरीचे जाडजूड टायर बसवले आणि सवयीने सव्वीस पौंड हवा सांगितली. हुसेनभाईने कीव आल्यासारखं पाहिलं.

"सव्वीस जुन्या टायरचं, शेट. तेवढंच वझं उचलाया ह्याला जास्त हवा लागती. कमी ठिवली तर आतल्या आत तापतंय आन् रस्त्यात फाटतंय. चाळीस!"

चाळीस तर चाळीस. त्या दिवसापासून माझ्या गाडीतून फक्त कांदेच सुखाने प्रवास करत.

पुढे बायकोला आठवा महिना संपत आला. डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्या, पण हादरे बसता कामा नयेत. बायको, तिची मावशी, मेहुणा आणि सगळं सामान गाडीत घालून मी नाक्यावर गेलो आणि म्हटलं, "दहा पौंड कमी कर."

"न्हाई."

मी विनवलं, मग चिडलो. त्याचं "न्हाई" हलेना. तेवढ्यात त्याची नजर आत गेली. बायको दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसली होती. त्याने मागचं दार उघडलं.

"मावशी, उतरा."

मावशी चांगल्या भरभक्कम. त्यांच्यामागून मेहुणा उतरला, मग ट्रंक, वळकटी, लाडवांचा डबा. मावशींनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हा आपला खाली वाकून हवा सोडतोय.

"आता तीस चालंल. वहिनींना हळू न्या."

मावशी आणि मेहुणा सर्व्हिस मोटारीने आले. सामान घेऊन, घामाने निथळत, हुसेनभाई स्वतः सायकलवरून आला. दवाखान्याच्या आवारात तो एकेका टायरला हात लावून पाहत होता. मी सांगितलं, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

तो उठला नाही. चाकाशी तसाच बसून म्हणाला, "माजीला बी बाळंतपनाला मालाच्या लॉरीतनं आनली व्हती. ह्याच रस्त्यानं. डायवर भला, म्हनला, हादरं बसत्यात, हवा काढू का? मीच न्हाई म्हनलो. ती हितवर पोचलीच न्हाई."

इतकी वर्षं मी त्याच्याकडे हवा भरत होतो. त्याला बायको होती, हेच मला ठाऊक नव्हतं.

"हवेचं बराबरच व्हतं, शेट," तो म्हणाला. "माल उतरवायचं सुचलं न्हाई."