लॅकरचे आठ हात

एका जंगलात, जिथे वीज अधूनमधून येते पण सल्ले चोवीस तास मिळतात, दिगंबरपंत नावाचं एक साळिंदर राहत होतं. त्यांची बायको कुमुद. शेजारी बबन नावाचं उदमांजर. आपल्या गोष्टीला एवढी मंडळी पुरेत. सिंहाची वाट बघू नका बाळांनो, तो येणार नाही.

तर, दिगंबरपंत तरुणपणी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. वाईट वाजवायचे. एकदा वसंत मेळाव्यात त्यांच्या गिटारीने ऐन रंगात अशी काही खरखर केली की सगळे प्राणी उठून गेले. एकटी कुमुद बसून राहिली, पोट धरून हसत. मग ती पुढे आली आणि तिने गिटारीच्या कोपऱ्याला कचकन चावा घेतला.

साळिंदरांत याला होकार म्हणतात.

लग्न ठरलं. बीळ घ्यायचं होतं, म्हणून गिटार विकावी लागली.

पंचवीस वर्षांनी नदीकाठच्या जुन्या बाजारात, फुटके कुकर आणि एकेकट्या चपला यांच्या ढिगात, दिगंबरपंतांना एक गिटार दिसली. रंग उडालेला, खुंट्या गंजलेल्या, कोपऱ्यावर चार दातांचे व्रण. दिगंबरपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही ही जागा सांगताना भरून येतं, पण ते असो.

त्यांनी ती घरी आणली. कुमुदने आधी कोपराच चाचपला, आणि लाजली. पंचवीस वर्षं संसार केलेलं साळिंदर लाजतं तेव्हा त्याचे सगळे काटे एकदम खाली बसतात. बघण्यासारखं असतं.

‘‘वाजवा ना,’’ ती म्हणाली.

‘‘अशी? हिचा अवतार तरी बघ,’’ दिगंबरपंत म्हणाले. ‘‘पुढच्या महिन्यात आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे, तेव्हा वाजवतो. आधी हिच्यावरून जरा हात फिरवतो.’’

बाळांनो, ‘जरा’ म्हणजे किती, हे मोठ्यांना कधी विचारू नका.

त्या जंगलात बगळेगुरुजी जुन्या गिटारी नव्या कशा कराव्यात याचे व्हिडिओ करत. एका पायावर उभे राहून ते असे शांतपणे रंग फवारत की बघणाऱ्यालाही आपल्याला हे जमेल असं वाटे. गुरुजींना गिटार वाजवता येत नव्हती. पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

दिगंबरपंतांनी सगळे व्हिडिओ पाहिले. मग गिटार उघडून जुना रंग खरवडला. पॉलिश पेपरने घासून घासून लाकूड गुळगुळीत केलं. खड्डे लांबी भरून बुजवले. रंग मारला, त्यावर लॅकरचा, म्हणजे चकचकीत वॉर्निशचा, हात दिला आणि कौतुकाने मागे वळले. वळताना पाठीचे काटे ओल्या लॅकरवरून सर्रकन फिरले.

पुन्हा घासलं, पुन्हा लॅकर मारलं. या वेळी एक डास बसला. तिसऱ्यांदा त्यांनी पाठीला घरातली एकुलती एक रजई बांधली. कुमुद महिनाभर पाला पांघरून झोपली, पण बोलली नाही. वाढदिवसाला गाणं ऐकायचं होतं ना तिला.

आतलं सामानही जुनं होतं. तारांचा आवाज पकडणारा पिकअप, बटणं, वायरी, गंजक्या खुंट्या, जुन्या तारा, सगळं काढून दिगंबरपंतांनी नवं बसवलं. काढलेलं टाकायला ते बाहेर आले की कुंपणावर बबन हजर.

‘‘टाकताय का पंत? मग मला द्या. कशाला तरी होईल.’’

बबन असं मोडक्या छत्रीबद्दलही म्हणायचा, त्यामुळे दिगंबरपंतांनी लक्ष दिलं नाही. बबनने ते सगळं खोक्याच्या एका फळीवर ठोकून बसवलं आणि त्यावर त्या जुन्या तारा ताणल्या.

वाढदिवस उजाडला. दुपारी वीज होती. कुमुदने केसांत, म्हणजे काट्यांत, रानजाई माळली आणि ती समोर येऊन बसली. दिगंबरपंतांनी रजई सोडली आणि गिटार बाहेर आणली. लॅकरचे आठ हात. तिच्यात आख्खं बीळ दिसत होतं.

कुमुद खूप वेळ बघत राहिली. मग तिने हळूच कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या कोपऱ्यावरून.

‘‘अहो, माझे दात कुठे गेले?’’

‘‘बुजवले,’’ दिगंबरपंत अभिमानाने म्हणाले. ‘‘शोधून दाखव. मलाही सापडत नाहीत.’’

कुमुदला वाईट वाटलं. पण ती मनाने मोठी होती, म्हणून थोड्या वेळाने ती हसली आणि पुढे सरकली.

‘‘मग परत चावू का?’’

बाळांनो, आता नीट ऐका. पंचवीस वर्षांनी बायको पुन्हा होकार द्यायला निघाली होती, असं कुणाच्या नशिबात दोनदा येत नाही. दिगंबरपंतांना ते कळलंही. पण त्यांनी गिटार चार बोटं मागे घेतली.

‘‘आठ हात दिलेत गं,’’ ते म्हणाले.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. बबनने फळीची वायर स्पीकरला जोडली होती. त्याला वाजवता येत नव्हतंच. एक तार छेडली, दुसरी छेडली, आणि जुन्या बटणाने अशी काही खरखर केली की झाडावरचे कावळे उडाले.

कुमुद उठली. चहा टाकायला गेली असेल, असं दिगंबरपंतांना वाटलं. पण थोड्याच वेळात कुंपणापलीकडून तिचं हसू ऐकू आलं, पोट धरून हसलेलं. मग फळीला काहीतरी कचकन झालं.

दिगंबरपंत झटकन उठले. त्यांना धावत जायचं होतं, मनापासून जायचं होतं. पण बिळाचं दार अरुंद, कोपरा घासला असता. खाली ठेवावी तर माती, भिंतीला टेकवावी तर पाठीमागे चरा. गिटार कुठे ठेवावी हे त्यांना काही केल्या ठरवता येईना. ते तिला दोन्ही हातांवर धरून बिळाच्या मधोमध उभे राहिले. अजून उभे आहेत म्हणतात.

तात्पर्य : महागाचं लॅकर दिलेली वस्तू घरच्या माणसांपासून जपावी. माणसांची काळजी नसावी. ती शेजारीही सुखात राहतात.