गुरुजींचा हातगुण

"उद्या दिवस मावळायच्या आत शेवटच्या गल्लीत पाणी आलं नाही, तर रंगनाथ हे नाव लावणार नाही!"

रंगनाथ गुरुजींनी हे चारचौघांत जाहीर केलं आणि इकडं सुलाबाईंनी कपाळाला हात लावला. नवऱ्याचा उत्साह म्हणजे घरात पसारा, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं.

ताडकळसच्या बाजूचं त्यांचं गाव. शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजी गावच्या पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांची झोप उडाली. टाकीतून सोडलेलं पाणी शेवटच्या गल्लीत पोचतच नव्हतं. नळ उघडला की नुसतं फुस्स! भर मे महिन्यात तिथल्या बायका घागरी घेऊन शिवारातल्या बोअरवर जायच्या. त्यातल्या शिवकन्याच्या घरात तर बाळंतीण लेक होती, तान्ह्याच्या अंघोळीचं पाणीही डोक्यावरून यायचं. वाटेत कुठंतरी पाइप फुटलाय एवढं नक्की होतं, पण कुठं ते कळेना.

शेवटी जिल्ह्याच्या पाणी विभागानं समितीला गळती शोधायचं यंत्र दिलं, तेही एका दिवसाच्या बोलीवर. जमिनीवर ताटलीएवढी चकती ठेवायची, कानांना हेडफोन लावायचा, खाली पाणी गळत असलं की आवाज येतो! परभणीला त्याचं प्रशिक्षणही झालं होतं. जेवणाआधी शिकवलेलं गुरुजींना तोंडपाठ होतं. जेवणात मात्र जिलबी होती, त्यामुळं नंतरचं काही कानावर पडलं नाही.

गुरुजींना अभिमान दोनच गोष्टींचा. एक स्वतःच्या शुद्धलेखनाचा आणि दुसरा परसातल्या केळीचा. सगळं शिवार करपलेलं असताना ही केळी हिरवीगार! आलेल्या-गेलेल्याला ते घड दाखवायचे. "पाणी? थेंबभर घालत नाही! हातगुण लागतो!" आठवड्यावर धाकट्या रेणुकाचा साखरपुडा आला होता आणि घरची केळी खायला घालीन, असा शब्द त्यांनी व्याह्यांना देऊन ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वरात निघाली. पुढं हेडफोन लावलेले गुरुजी, मागं कुदळी-फावडी घेतलेली मंडळी आणि त्यांच्यामागं रिकामी घागर घेऊन शिवकन्या.

रेवणप्पाच्या दुकानापुढं चकती टेकली आणि गुरुजी ताठ झाले.

"सापडलं!" ते असे ओरडले की पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून पळालं. हेडफोन लावलेल्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही.

"गुरुजी, हळू बोला की! मी हितंच हाय," रेवणप्पा म्हणाला.

"खणा!"

"अवं, कालच फरशी बसवलीय!"

"काय? ऐकू येत नाही! खणा!"

फरशी निघाली. कमरेएवढा खड्डा झाला. माती ठणठणीत कोरडी! तेवढ्यात लाईट गेली आणि हेडफोनमधला आवाजही गेला. रेवणप्पानं थंड बाटल्यांच्या फ्रिजकडं बोट दाखवलं.

"सकाळधरनं आमच्या फ्रिजचं गाणं ऐकायलात व्हय?"

लाईट आल्यावर दुसरा खड्डा झाला, तो पिठाच्या गिरणीला पाणी समजून. तिसऱ्या खड्ड्यात बन्सीधरची शेळी पडली आणि तिला काढायला गेलेला बन्सीधरही पडला. दुपारपर्यंत गावात चालायला रस्ता उरला नाही.

"गुरुजी," शिवकन्या म्हणाली, "आमच्या दारापुढं बी एक खणा. पाणी न्हाई तर न्हाई, खड्डा तरी मिळंल."

सगळे हसले. गुरुजींना मात्र ते फार लागलं. ती चेष्टा करत नव्हती, थकली होती.

ते घरी आले. दारातच सुलाबाईंचं बोलणं सुरू झालं, ते ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवला आणि केळीच्या सावलीत बसकण मारली. हातातली चकती सहज खाली टेकली.

आणि कानात पूर आला!

इथं फ्रिज नव्हता, गिरणी नव्हती. टाकीतून निघालेली मोठी लाईन मात्र याच परसाखालून गावात जात होती. गुरुजींनी मान वर केली. भरलेला घड डोक्यावर लोंबत होता. एवढी वर्षं आपला हातगुण म्हणून ज्याचा डंका पिटला, तो शिवकन्याच्या घागरीतला होता तर! त्यांना लाज वाटली. पण व्याह्यांचे चेहरेही डोळ्यांपुढं आले. आठवडाभराचाच तर प्रश्न होता.

त्यांनी खुणेनं सुलाबाईंना जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजले,

"कुणाला बोलू नको! पाइप आपल्याच केळीखाली फुटलाय! साखरपुडा होऊ दे, घड उतरवू, मग सांगू!"

सुलाबाईंनी हात पुढं केला आणि नवऱ्याच्या कानांवरचा हेडफोन काढला. कुंपणापलीकडं ती 'कुजबुज' ऐकून जमलेली सगळी गल्ली उभी होती. शिवकन्याही होती. रेवणप्पाच्या खांद्यावर कुदळ होती.

गुरुजी उठले, कुंपणापाशी गेले.

"आणा ती कुदळ इकडं," ते म्हणाले. या वेळी आवाज खरंच बारीक होता.

पहिला घाव त्यांनीच घातला. दिवस मावळायच्या आत शेवटच्या गल्लीत पाणी आलं आणि शिवकन्याच्या नातवाला नळाच्या पाण्यानं अंघोळ मिळाली. गुरुजींचं नाव वाचलं, केळी नाही. साखरपुड्याला मानवतच्या बाजारातून केळी आणावी लागली.

एक कोंब तेवढा वाचला होता. तो गुरुजींनी भिंतीकडेला लावला आणि सवयीनं विसरून गेले. आठवड्यात त्यानं मान टाकली. एके दिवशी नळाची भरली घागर घेऊन शिवकन्या स्वतःच आली, कोंबाच्या बुडाशी ओतली आणि पदरानं हात पुसत म्हणाली,

"तुमचा हातगुण लय चांगला हाय, गुरुजी. पर त्याला जरासं पाणी बी लागतंय!"