विधवा असल्याचा पुरावा

माझी बायको ज्योती आणि माझा चुलतभाऊ निंबा जळगावच्या एकाच सरकारी कार्यालयात नोकरीला होते आणि एकाच उन्हाळ्यात गेले. ज्योती कारकून होती, निंबा जीप चालवायचा. मागे राहिलो मी आणि निंबाची बायको मोनाली. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज द्यायला आम्ही सोबतच गेलो.

आस्थापना शाखेचे हितेंद्र साहेब मला बघून उभे राहिले. "अभिमनभाऊ, ज्योतीताई होत्या तोवर या ऑफिसात फायली सापडायच्या. करा इथे सही." ज्योतीशी माझं लग्न झालं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही. बरंच झालं. आम्ही लग्नाचा कागद कधी केलाच नव्हता.

मोनालीने केला होता. विवाह नोंदणीचा दाखला, तृतीयपंथी म्हणून मिळालेलं ओळखपत्र, रेशनकार्ड, लग्नाचे फोटो, सगळं तिने जोडलं होतं. साहेबांनी एकेक कागद उन्हाकडे धरून पाहिला.

"एवढे कागद कशाला?"

"लग्न झालं म्हणून."

"खरी लग्नं झालेली माणसं एवढे कागद ठेवत नाहीत. यांचंच बघा," म्हणत त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

शंका आली की चौकशी लागते. विषय ठरला: 'सासरचे लोक अर्जदारास कुटुंबात धरतात किंवा कसे.' साहेब स्वतः जीप काढून एरंडोलजवळच्या आमच्या गावी आले. निंबाची आई, आमची झुंबरकाकू, ओट्यावर बसली होती.

"ती आमनी सून शे," काकू म्हणाली. "कानबाईना रोटले तिना नावनी मूठ मीच टाकी."

आमच्याकडे श्रावणात कानबाईचा रोट होतो. घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू दळायला घेतात आणि तो रोट भाऊबंदांशिवाय कुणाला देत नाहीत. याहून मोठा पुरावा खानदेशात नाही. मला वाटलं, काम झालं.

साहेबांनी पेन थांबवलं. "पण काकू, तुमच्या भाऊबंदात मुठी फक्त पुरुषांच्या नावाने टाकतात ना?"

काकू गडबडली. नवी सून आली, तिचं मन मोडू नये म्हणून तिने मायेने टाकली होती. साहेबांनी शेरा मारला: 'अर्जदारास कुटुंबात पुरुष म्हणून धरले जाते. सबब विवाह ग्राह्य नाही.'

"मंग नही टाकी!" काकू ओरडली.

साहेबांनी पहिला शेरा खोडला आणि नवा लिहिला: 'अर्जदारास कुटुंबात धरलेच जात नाही.'

"आरे भाऊ, सुननी मूठ कोठे ऱ्हास? तुन्हा घर तुन्ही बायकोनी टाकतस का?"

"माझी चौकशी चालू नाही, काकू."

मोनाली पदर खोचून म्हणाली, "मूठ पडली तर मी पुरुष, नाही पडली तर मी कुणीच नाही. साहेब, अर्धी मूठ चालेल का?"

साहेबांना प्रश्न पटला. वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवतो म्हणाले.

ज्योतीच्या नावाची मूठ आमच्याकडेही कधी पडली नव्हती. तिची चप्पल अजून दाराशी आहे, मी उचलत नाही. पण माझं निवृत्तिवेतन सुरू झालं.

मार्गदर्शन यायच्या आत साहेबांच्या मुलीचं लग्न आलं. लग्न धुळ्याला होतं. साहेबांनी मोनालीला आग्रहाने बोलावलं, कारण तिच्यासारख्यांचा आशीर्वाद नवरीला लाभतो म्हणतात. मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. साहेबांच्या आई प्रमिलाबाई माझ्याजवळ येऊन धरणगावच्या एका स्थळाबद्दल बोलू लागल्या. मी मान खाली घातली, तर त्यांना ती लाज वाटली.

तेवढ्यात मोनालीने हळदीची वाटी उचलली. प्रमिलाबाई धावल्या.

"अय बाई, तू हात नको लावू! तुन्हा नवरा मरीसन वरीस बी नही व्हयनं."

"अक्का, जोरात बोला," मोनाली म्हणाली. "साहेबांना ऐकू जाऊ द्या."

साहेब घामाघूम झाले. "आई, ती अजून विधवा नाही. प्रकरण प्रलंबित आहे."

"नवरा मरना तिना! त्यामा प्रलंबित काय ऱ्हास?"

"मी काय करू ते साहेबच सांगतील," मोनालीने वाटी पुढे केली. "फाइलीत माझं लग्नच झालेलं नाही. मग लावते हळद."

मंडपातल्या बायका साहेबांकडे बघू लागल्या. साहेबांनी मुलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि हात जोडले.

"वहिनी, तुम्ही मागे बसा."

मोनाली शेवटच्या रांगेत जाऊन बसली. ती निंबाची विधवा आहे यावर सगळ्या मंडपाचं एकमत झालं होतं. जेवणाच्या पंगतीत मी एकेकाला विचारलं, सोमवारी जळगावला येऊन साहेबांसमोर एवढंच सांगाल का? कुणाला केळीला पाणी द्यायचं होतं, कुणाच्या घरी पाहुणे येणार होते.

आता हे तुम्हीही वाचलंत. सोमवारी ऑफिस वेळेवर उघडतं. का, तुमच्याकडेही पाहुणे आहेत?