कल्लाप्पाचे विशीतले कान

कान तपासायच्या गाडीत शिरताना कल्लाप्पा चौगुलेला एकच धास्ती होती. तपासणीत जो नापास होईल त्याला मिलवरून काढून गोदामात पोती मोजायला बसवणार, असं कारखानाभर पसरलं होतं. कृष्णाकाठच्या त्या साखर कारखान्यात, उसाचा चोथा करणाऱ्या रोलरांपाशी, त्याने एकोणतीस हंगाम काढले होते. निवृत्तीला एकच हंगाम उरला होता. तो गोदामात काढायचा म्हणजे पैलवानाने शेवटच्या मैदानात दुसऱ्याचे कपडे सांभाळत बसायचं.

गाडीतल्या बंद खोलीत तंत्रज्ञ कृष्णातने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबायचं, असं खुणेने समजावलं. मग तो काचेपलीकडे आपल्या यंत्रापाशी जाऊन बसला. कल्लाप्पा कान देऊन बसला. आवाज काही येईना.

आता, मिलवर तोंडाने बोलून कुणालाच काही कळत नाही. मूठ वळली की थांबव, तळवा हलवला की पाणी सोड, दोन बोटं फिरवली की वेग वाढव. कल्लाप्पाचा उभा जन्म दुसऱ्यांचे हात बघण्यात गेलेला. काचेपलीकडचा कृष्णात आवाज सोडताना उजवा खांदा जरासा उचलायचा. खांदा उचलला की कल्लाप्पाचा अंगठा आपसूक बटणावर जायचा. ही लबाडी होते आहे हे त्याला चौथ्या-पाचव्या खांद्याला उमगलं, पण तोवर हात बसला होता आणि डोळ्यांपुढे गोदाम होतं.

आलेख बघून डॉक्टर अंकिता मॅडम चक्रावल्या. या आलेखात रेघ जितकी खाली, तितका कान गेलेला. मिलवर वर्षं काढलेल्या माणसाची रेघ बारीक आवाजांपाशी आली की विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखी खाली जाते. कल्लाप्पाची रेघ वरच्या वर, विशीतल्या पोराला शोभेल अशी. सत्तावन्नाव्या वर्षी असे कान असू शकत नाहीत, पुन्हा तपासायला हवं, असं त्यांनी सुरक्षा अधिकारी विश्वजित साहेबांना स्पष्ट सांगितलं.

"मॅडम, चांगलं निघालं म्हणून कुणी परत तपासतं का?" साहेब म्हणाले.

साहेबांना तर घबाड सापडलं होतं. कानात घालायचे बोळे कामगार वापरत नाहीत म्हणून वरून त्यांची रोज हजेरी घेतली जायची. आठ दिवसांत मिलच्या दारावर कल्लाप्पाचा हात जोडलेला फोटो लागला आणि खाली मजकूर आला, 'बोळे वापरा, कल्लाप्पांसारखे कान राखा.' सुरक्षा सप्ताहात त्याचा जाहीर सत्कार करायचं ठरलं.

कल्लाप्पाने जन्मात बोळे घातले नव्हते, हे साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला मिळालेल्या जोडीतला एक तर त्याने तेलाच्या डब्याच्या तोंडाला बसवला होता. तेव्हा फोटो बघून मिलवरच्या माणसांनी जो अर्थ काढायचा तोच काढला. फोरमन सयाजी चहाच्या टपरीवर म्हणाला, "कल्लाप्पाण्णांनी कवा घातलं बोळं? तरी कान बघा. बोळ्यानंच कान बिघडत्यात गड्या."

एकेकाचे बोळे खिशात गेले. सगळ्यांत आधी गेले ते आर्जवचे. आर्जव म्हणजे कल्लाप्पाचा थोरला, दोन वर्षांपासून त्याच मिलवर लागलेला. कल्लाप्पाने त्याला एकदा टोकलं, तर तो हसून म्हणाला, "आण्णा, घरात हाकंला ओ देत न्हाईसा ती तुमची खोड, मशिनीत कान पास झालं. तुमचंच कान हायत की आमाला."

खरं सांगावं तर गोदाम ठरलेलं, म्हणून कल्लाप्पाने विषय सोडला.

चौगुल्यांच्या जैन घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्या दिवशी पहिली पाळी करून आलेले बापलेक अंधाऱ्या सोप्यात बसले होते. स्वयंपाकघरातून कल्लाप्पाची बायको आक्काताई आर्जवला पाट घ्यायला बोलवत दारात आली. कल्लाप्पाला तिचे ओठ हललेले दिसले. आर्जवची तिच्याकडे पाठ होती, तो हलला नाही. ती पुन्हा बोलली. मग तिने सवयीने दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं. नवऱ्याला हाक मारायची सोडून तिने गेली कित्येक वर्षं हेच चालवलं होतं.

दिवा लुकलुकला आणि आर्जवने मान वळवली.

जेवण कसंबसं उरकून त्याने आक्काताईला चुलीपाशी गाठलं.

"ह्येचं कवापासनं असं?"

"म्हैना झाला असंल," ती त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली. "तुमचं बी असंच सुरू झालं हुतं."

"मग तवा बोलली न्हाईस?"

"बोलली हुती की. तुमाला ऐकू आलं न्हाई."

सत्काराच्या दिवशी विश्वजित साहेबांनी शाल उलगडली, तेव्हा कल्लाप्पाने ती हाताने थांबवली. आपण पाठ करून उभे राहतो, मॅडमनी खुर्चीतून हाक मारावी, वळलो तर शाल घालावी, असं त्याने सांगितलं. साहेबांना वाटलं, गडी करामत दाखवतोय. त्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या.

कल्लाप्पा मंचामागे लावलेल्या स्वतःच्याच फोटोकडे तोंड करून उभा राहिला. अंकिता मॅडमनी हाक मारली. पुन्हा मारली. तिसरी हाक मंडपाच्या शेवटच्या रांगेतही पोचली. कल्लाप्पा फोटोकडे बघतच राहिला. शेवटी आर्जव मंचावर चढला, बापासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने मूठ वळली. थांबव.

कल्लाप्पा वळला. "मी कृष्णातचा खांदा बघून बटण दाबलं," तो म्हणाला. "माझं कान गेल्यात. माझं बघून कुणी बोळं काढू नगासा."

साहेबांनी शालीची घडी घालायला घेतली. सयाजी खाकरला आणि खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, खांदा तर अधनंमधनं आमी बी बघिटला हुता."

मग मिलवरच्या बेचाळीसच्या बेचाळीस जणांची खुर्ची भिंतीकडे करून पुन्हा तपासणी झाली. एकतीस जणांच्या रेघा पहिल्यापेक्षा खाली उतरल्या. एकतीस माणसं गोदामात बसवली तर ऊस कोण गाळणार, म्हणून गोदामाची भाषाच बंद झाली. कल्लाप्पाला मात्र मॅडमनी आवाजातून बाहेर काढलं आणि मिलच्या दारात, फोटोच्या जागी, बसवलं. आत जाणाऱ्याच्या कानात बोळे आहेत की नाहीत एवढंच बघायचं. बघण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आर्जवच्या रेघेतही खड्डा निघाला होता. पंधरा दिवस आवाजापासून लांब राहिल्यावर तो बराचसा भरला. थोडा राहिला, तो राहणार असं मॅडमनी सांगितलं.

त्या पंधरा दिवसांनंतरच्या एका संध्याकाळी दोघे सोप्यात बसले होते. आक्काताई दारात आली, तिचे ओठ हलले आणि सवयीने तिचा हात बटणाकडे गेला. पण तिने बटण दाबायच्या आत आर्जव उठून उभा राहिला. कल्लाप्पाला हाक ऐकू आली नव्हती. उठलेला पोरगा मात्र त्याने डोळे भरून पाहिला.